पोट भरल्याचा निरोप

धाकटी जाऊन दोन वर्षं होत आली होती, तेव्हा एका दुपारी आईचा फोन आला. थोरली प्रयोगशाळेत होती. हातातले मोजे काढून ती बाहेर व्हरांड्यात आली.

"बोल आई, कामात आहे."

"तू कामात नसतेस कधी?" आई म्हणाली. मग दारात पोस्टमन आलाय असं सांगावं इतक्या साध्या आवाजात तिने सांगितलं, "ती येते गं."

"कोण?"

"कोण म्हणजे? तुझी बहीण."

आईने उभी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली होती. दिवसभर लोकांचे फोन जोडून देता देता तिला थोडक्यात आणि स्पष्ट बोलायची सवय लागली होती. भुताखेतांचं तर तिला वावडंच. लहानपणी मुली अंधाराला घाबरल्या की ती म्हणायची, "अंधाराला काय हात आहेत का?" म्हणून थोरलीला हसून सोडून देता येईना.

"कधी येते?"

"दुपारी. मी जेवून खुर्चीत टेकते ना, डोळा लागतो, तेव्हा. कपाटाचं दार वाजतं. आधी वाटलं भास असेल. पण पाव कमी व्हायला लागला. साखरेचा चमचा ओला. मग मीच तिच्यासाठी ताट झाकून ठेवायला लागले, दुधाचा पेलाही. उठते तेव्हा ताट चाटूनपुसून स्वच्छ."

"आई, भुंगी खात असेल."

"भुंगी शाळेत असते तेव्हा," आई म्हणाली. "आणि मला सांगायचं होतं ते सांगून झालं. तू काही करावंस असं म्हणत नाहीये मी."

भुंगी म्हणजे धाकटीची मुलगी. पाळण्यात असल्यापासून सारखी काहीतरी गुणगुणायची म्हणून भुंगी. तिचे वडील जहाजावर कामाला, वर्षाचे बरेच महिने समुद्रात. धाकटी गेल्यावर पोर आजीकडेच राहिली होती.

थोरली मोजे न घालताच पुन्हा टेबलाशी जाऊन बसली. तिला 'चाटूनपुसून' हा शब्द ऐकू येत राहिला. धाकटी ताट तसंच करायची.

घरात धाकटीला सगळे काडी म्हणत. बारा-तेरा वर्षांची होईपर्यंत ती चारचौघींसारखीच होती. मग तिला भूक लागायला लागली, आणि ती लागली ती लागलीच. सगळ्यांची जेवणं झाल्यावर ती उभ्याउभ्या भांड्यातलं उरलेलं खायची. शाळेतून आली की दप्तर खांद्यावरून उतरायच्या आधी हात कपाटाकडे. आणि एवढं खाऊन दंड काडीसारखे, पिंढऱ्या एखाद्या धावपटूसारख्या टणक, हातांवर शिरा दोरीसारख्या वर आलेल्या. चेहरा मात्र गोल. शेजारच्या बाया म्हणायच्या, "खाते कुठे आणि जातं कुठे!" काहीजणी तर असूयेने विचारायच्या, व्यायाम कोणता करतेस म्हणून.

आईने कपाटाला कुलूप लावलं. किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात घातली. काडीने केसातल्या आकड्याने ते उघडायची विद्या हस्तगत केली, आणि पुढे कित्येक वर्षं हा घरातला विनोद होऊन बसला. पाहुण्यांनाही तो सांगितला जायचा. काडीसुद्धा हसायची. त्या घरात अन्नाची ददात नव्हती, म्हणूनच तिची भूक कुणाला खरी वाटली नाही. तिचं नाव पडलं हावरट.

पुढे लग्न झालं, भुंगी झाली. आणि एके दिवशी पोटात अशी कळ उठली की काडीला सरळ उभं राहता येईना. स्वादुपिंडाला सूज, डॉक्टर म्हणाले. नळीत काढलेलं रक्त जरा वेळ ठेवलं तर वर सायीसारखा पांढरा थर. "दारू पिता का?" त्यांनी तिला तीनदा विचारलं. तिने आयुष्यात थेंब घेतला नव्हता. आठवड्याभरात ती गेली.

थोरली चरबीच्या पेशींवर काम करणारी. माणसाच्या चरबीत काय चालतं, एक पेशी दुसरीला काय कळवते, तो निरोप कुठे अडकला की मधुमेह होतो, हाच तिचा अभ्यास. पण तो अभ्यास लठ्ठ माणसांचा होता. लठ्ठ उंदरांचा होता. बहिणीकडे मात्र ती बहीण म्हणूनच बघत आली होती. बहिणीच्या दंडावरच्या शिरा लहानपणापासून रोज दिसत होत्या. रोज दिसणाऱ्या गोष्टीला कोण लक्षण म्हणतं?

शनिवारी ती आईकडे गेली. आईने तिला सांगितलं, "तू आलीस म्हणून आज यायची नाही ती." तरी ताट वाढलं, पाव, भात, दोन उकडलेले बटाटे, आणि पेलाभर दूध. वर जाळी झाकली. मग जेवून खुर्चीत बसली आणि बसल्याबसल्या झोपली. भुंगीला शनिवारीही शाळा असे; शाळा गल्लीच्या टोकालाच होती.

थोरली आतल्या खोलीत दार अर्धवट लोटून बसली. घर दुपारचं गप्प होतं. नळातून थेंब पडत होता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऊन फरशीवर आडवं पसरलं होतं, आणि त्या उन्हात काहीच हलत नव्हतं. मग मागचं दार अगदी हलकेच उघडल्याचा आवाज आला, आणि कपाटाचं बिजागर कुरकुरलं.

थोरली दारापर्यंत गेली आणि थबकली. ओट्यापाशी काडी उभी होती. पाठमोरी. एका पायावर भार दिलेला, अंगात तिचा करडा स्वेटर, बाह्या वर सारलेल्या. उजव्या हातात पाव होता म्हणून तिने केसांची बट मनगटाने कानामागे सारली. असं केस सारताना थोरलीने जगात एकाच माणसाला पाहिलं होतं.

"काडे?" थोरलीच्या तोंडून निघून गेलं.

पाठ दचकली. वळून बघणारा चेहरा भुंगीचा होता. गाल पावाने फुगलेले, डोळे विस्फारलेले. मधल्या सुट्टीत ती पळत घरी यायची.

"आजीला सांगू नको," ती घास गिळायची धडपड करत म्हणाली. "मावशी, प्लीज सांगू नको."

थोरलीने तिला खाली फरशीवर बसवलं, स्वतःही बसली. "कधीपासून?"

"माहीत नाही. मला भूक लागते. पोट दुखेपर्यंत खाल्लं तरी लागते. डब्यातलं खाते, मैत्रिणींचं खाते, तरी वर्गात मला फक्त जेवणच सुचत असतं." ती रडायला लागली. "आजी आईसाठी ठेवते ना ते. मी आईचं खाते. मला माहितीये आईचं आहे."

"अगं वेडे..."

"पण दूध मी नाही पीत. खरंच नाही. मला दूध बघवत नाही, तुला माहितीये. पाव आणि भात मी खाते, दूध नाही."

थोरलीने वर पाहिलं. ओट्यावर पेला रिकामा होता. तळाशी पांढरं वर्तुळ राहिलं होतं. आईनेच झोपायच्या आधी पिऊन टाकलं असेल, ती स्वतःशी म्हणाली, आणि त्या गोष्टीचा तिने पुढे कधी छडा लावला नाही.

तिचं लक्ष दुसरीकडे गेलं होतं. स्वेटरच्या वर सारलेल्या बाहीखाली भुंगीचा हात दिसत होता. कोपरापासून मनगटापर्यंत निळसर शिरा, दोरीसारख्या. गेल्या वर्षी या हाताला चिमटा घेतला तर गुबगुबीत मांस बोटात यायचं. थोरलीने अंगठा आणि बोटाने हलकेच कातडी धरली. हातात नुसती कातडीच आली, कागदासारखी.

दारात आई उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"तूच होतीस?" ती नातीला म्हणाली. आवाजात राग नव्हता. "रोज तूच होतीस?"

भुंगीने मान डोलावली. आई पुढे आली, ओट्यावरचं रिकामं ताट उचललं आणि मोरीत ठेवलं. मग नळ सोडून तशीच उभी राहिली. पाणी ताटावर पडत राहिलं. थोरलीला वाटलं होतं, आईला हायसं वाटेल. पण आईच्या खांद्यांकडे बघून तिला कळलं की धाकटी आत्ता, या घटकेला, दुसऱ्यांदा गेली होती.

सोमवारी थोरली सरांच्या खोलीत गेली. सर म्हणजे प्रयोगशाळेचे प्रमुख, निवृत्तीला टेकलेले, दर वाक्यानंतर चष्मा काढून पुसणारे.

"सर, मी विद्यार्थिनी होते तेव्हा हात बसावा म्हणून आपण काही नमुने घेतले होते. सडपातळ, निरोगी माणसांचे. त्यात एक माझ्या बहिणीचा होता."

सरांना आठवत होतं. तेव्हा काडी स्वतःहून आली होती. पोटावरून सुईने चिमूटभर चरबी काढायची होती, आणि ती टेबलावर पडून डॉक्टरला म्हणाली होती, "सापडली तर घ्या बाबा, मी बरीच वर्षं शोधतेय." सगळे हसले होते. त्या चिमटीतल्या पेशी वाढवल्या, त्यांना चरबीच्या पेशी व्हायचं औषध घातलं. इतरांच्या पेशी पंधरवड्यात तेलाच्या थेंबांनी भरल्या. काडीच्या तशाच, चपट्या, कोरड्या. नमुना बिघडला असं ठरलं.

"टाकून दे म्हणालो होतो मी," सर म्हणाले.

"मी टाकला नाही. टाकवला नाही. गोठवून ठेवला."

सरांनी चष्मा पुसला. बराच वेळ पुसला. "निरोगी म्हणून घेतला," ते म्हणाले, "आणि निरोग्यांसारखा वागला नाही, म्हणून नमुन्यालाच नावं ठेवली." मग म्हणाले, "तिच्या नवऱ्याची लेखी परवानगी घे. मग काढ बाहेर."

नवऱ्याचा होकार कुठल्याशा बंदरातून आला. द्रवरूप नायट्रोजनच्या पिंपातून कुपी वर काढली तेव्हा तिच्यातून पांढरा वाफारा जमिनीकडे घरंगळला. करंगळीच्या पेरापेक्षा लहान कुपी. कोमट पाण्यात तिच्यातला बर्फ वितळायला मिनिटभर लागलं. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर पेशी तळाला चिकटून बसल्या होत्या, टोकं लांब करून, जिवंत.

त्या आठवड्यांत थोरलीला प्रयोगशाळेत एकटीने राहायला नको वाटू लागलं. पेशी वाढवायची ऊबपेटी नेहमी अंगाच्या तापमानाला ठेवलेली असते; तिचं दार उघडलं की ओलसर उबदार हवा तोंडावर येते. ती हवा तिने वर्षानुवर्षं अंगावर घेतली होती. आता तिला ती श्वासासारखी वाटायची. पेशींना दर दोन दिवसांनी ताजं खाद्य घालावं लागतं, साखर, क्षार, जीवनसत्त्वं असलेलं गुलाबी पाणी. तोच पंप, तीच बाटली. पण काडीच्या पेशींच्या या थाळीपाशी आलं की तिचा हात जरा जास्तच उदार व्हायचा, आणि तिला स्वतःलाच दटावावं लागायचं. एकदा शेजारच्या टेबलावरच्या सहकारिणीने विचारलं, "कुणाशी बोलतेस?" थोरली म्हणाली, "मोजत होते." ती मोजत नव्हती.

पुन्हा तेच झालं. शेजारच्या थाळीतल्या अनोळखी माणसाच्या पेशी थेंबांनी टच्च भरल्या. काडीच्या पेशी साखरेच्या पाण्यात बुडून उपाशी राहिल्या. आता थोरलीने इन्शुलिन घालून पाहिलं. इन्शुलिन पेशीच्या दारावर येतं, दाराशी बसलेलं प्रथिन जागं होतं, ते आतल्याला सांगतं, आतलं त्याच्या पुढच्याला, आणि शेवटी पेशी साखर आत घेते, तेल साठवते. प्रत्येक टप्प्याचं प्रथिन जागं झालं की नाही हे कागदासारख्या पांढऱ्या पटलावर काळ्या पट्टीच्या रूपात दिसतं. पहिली पट्टी ठसठशीत. दुसरीही. तिसरी जेमतेम, पुसलेल्या खडूसारखी. त्यापुढे काहीच नाही.

तिने तेच पुन्हा केलं, मग पुन्हा. तिसऱ्यांदा सर तिच्या मागे येऊन उभे राहिले आणि दोघांनी मिळून त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. त्या तिसऱ्या प्रथिनाचं जनुक वाचून घेतलं, तर त्यात एक अक्षर बदललेलं निघालं.

भुंगीला ज्या तज्ज्ञ डॉक्टरबाईंकडे नेलं त्या फार बोलत नसत. त्यांनी पोरीचे दंड, मांड्या, पाठ चिमट्याने मोजली, पोट दाबून पाहिलं, रक्त घेतलं. तेच बदललेलं अक्षर तिच्यातही होतं. थोरलीत नव्हतं. रक्तात चरबी भलतीच वाढली होती, यकृतातही उतरायला लागली होती.

"वेळेत आणलंत," एवढंच त्या म्हणाल्या. थोरलीला ते शब्द कानशिलात बसल्यासारखे लागले.

आईला समजावून सांगायचं काम राहिलं होतं. थोरलीने बरेच दिवस टाळलं, मग एका दुपारी तिच्या खुर्चीसमोर बसून सांगितलं.

"चरबी म्हणजे नुसतं साठवलेलं तेल नाही, आई. ती मेंदूला कळवत असते, एवढा साठा आहे, आता बास. लेप्टिन म्हणतात त्याला. पोट भरल्याचा निरोप समज. काडीच्या चरबीला साठवताच येत नव्हतं, म्हणून निरोप फार थोडा जायचा. मेंदूला वाटायचं दुष्काळ पडलाय. खाल्लेलं तेल जागा नाही म्हणून रक्तात फिरायचं. त्यानेच स्वादुपिंड सुजलं."

"साठवता का येत नव्हतं?"

"इन्शुलिनचा निरोप पेशीत शिरतो, पण आत मध्येच तुटतो."

"म्हणजे बेल वाजते," आई म्हणाली, "पण पलीकडे कोणी उचलत नाही."

"तसंच."

"आमच्याकडे असं झालं की लोक आम्हालाच शिव्या घालायचे." ती उठली, खिडकीपाशी गेली, परत आली. "हावरट नव्हती ती."

"नाही."

"तिला खरंच भूक लागायची."

"हो आई."

आईचा हात गळ्याशी गेला, जिथे एकेकाळी किल्ली असायची, आणि तिथेच राहिला. ती रडली नाही. मग म्हणाली, "त्या तुझ्या पेशी. त्या जिवंत आहेत म्हणालीस. मला बघायच्या आहेत."

बाहेरच्या माणसाला आत आणायचं म्हणजे परवानगी लागते. सरांनी ती दिली आणि स्वतः दारापर्यंत आले. आईला पांढरा अंगरखा घातला, तो तिच्या पायांपर्यंत आला. सूक्ष्मदर्शकापाशी तिला उंच स्टुलावर बसवलं.

"एक डोळा मिटू नको. दोन्ही उघडे ठेव. आता दिसतंय?"

"लांबट लांबट आहेत. माशांसारखे."

"त्याच."

आई हलली नाही. थोरली शेजारी उभी होती. तिला आईचा फक्त पांढरा अंबाडा आणि मान दिसत होती. आई अगदी हळू आवाजात काहीतरी बोलू लागली. शब्द सगळे ऐकू आले नाहीत. "...कुलूप..." एवढं ऐकू आलं, आणि "...कळलं नाही गं मला..." थोरली तिथून दूर झाली, हात धुवायच्या मोरीपाशी जाऊन उभी राहिली. सर खिडकीबाहेर बघत होते.

त्यानंतर आई रोज फोन करायची. प्रश्न एकच. "तिला खायला घातलंस?"

"घातलं आई."

"रविवारी कोण घालतं?"

"मी येते ना."

आणि ती खरोखरच यायची. काम नसलं तरी, थाळीची गरज नसली तरी. सहकारिणी एकदा म्हणाली, "अगं, आणखी चार दिवस चालतील त्या." थोरलीला हे माहीत होतं. पण फोन येणार, आणि आईशी खोटं बोलायची तिला हिंमत नव्हती. ऊबपेटीचं दार उघडताना ती हल्ली डोळे मिटून घ्यायची.

अशा पेशी कायमच्या टिकत नाहीत. काही वेळा विभागून झाल्या की त्या म्हाताऱ्या होतात, पसरट होतात, थांबतात. काडीच्याही थांबल्या. शेवटच्या थाळीवर सरांनी सुचवलेला एक प्रयोग करायचा होता: तुटलेला तिसरा टप्पा ओलांडून निरोप थेट पुढे पोचवायचा. त्यात पेशी वापरल्या जाणार, उरणार नव्हत्या. थोरलीने आईला फोनवर विचारलं.

"भुंगीच्या कामाला येईल?" आईने विचारलं.

"लगेच नाही. कधीतरी येईल. कुणाच्या ना कुणाच्या."

"मग कर," आई म्हणाली. "आणि झालं की मला सांगू नको."

प्रयोग झाला. त्या थाळीत, मरण्याआधी, काही मोजक्या पेशींत तेलाचे थेंब आले. गोल, चमकणारे. थोरलीने त्यांच्याकडे पाहिलं ते एखाद्याला पहिल्यांदा पोटभर जेवताना बघावं तसं. मग थाळी प्रयोगाच्या पुढच्या पायरीसाठी सहकारिणीच्या हातात दिली, कारण ती पायरी तिच्याने होईना. आईने पुन्हा कधी विचारलं नाही. दुपारचा फोन बंद झाला, आणि त्या वेळेला थोरली काहीही करत असली तरी तिचे हात थांबायचे.

डॉक्टरबाईंनी भुंगीला लेप्टिनची इंजेक्शनं सुरू केली होती, रोज एक, पोटाच्या कातडीखाली. पहिले काही दिवस फरक कळला नाही. मग एका रविवारी थोरली तिथे जेवायला होती. तिघी टेबलाशी बसल्या होत्या. भुंगीने नेहमीच्या वेगाने सुरुवात केली, मग वेग कमी झाला, आणि ताटात अर्धा भात असताना हात थांबला. ती ताटाकडे बघत राहिली. चेहरा घाबरलेला.

"काय झालं? दुखतंय का?" आजी अर्धवट उठली.

"नाही. मला... नकोय." तिने चमचा खाली ठेवला, परत उचलला, परत ठेवला. "मावशी, हे असं असतं? पोट भरलं म्हणजे असं वाटतं?"

"कसं वाटतंय?"

"शांत," भुंगी म्हणाली. "आत कोणीतरी ओरडत होतं, ते गेल्यासारखं."

आजी उठून आत गेली. बाहेर आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

वर्ष गेलं. रक्तातली चरबी उतरली, यकृत सुधारलं. हातांवरच्या शिरा तशाच राहिल्या; त्या राहणार होत्या, औषध कायमचं होतं. भुंगी उंच झाली, पुन्हा गुणगुणायला लागली, आणि एकेका कोनातून इतकी काडीसारखी दिसायची की थोरलीला नजर वळवावी लागायची.

एका रविवारी सकाळी दोघी गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. भुंगी शेवटची चादर झटकून दोरीवर टाकत म्हणाली, "मावशी, एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"आई गेली तेव्हा तिला भूक लागली होती?"

थोरली चादरीची घडी सरळ करत राहिली. ती सरळच होती. स्वादुपिंड सुजलं की तोंडाने काही द्यायचं नसतं. डॉक्टरांनी तसं बजावलं होतं, आणि ते बरोबरच होतं. काडी सगळे दिवस मागत राहिली. ताई, एक बिस्कीट. ताई, अर्धं. थोरली ओल्या कापसाने तिचे ओठ पुसायची. शेवटी काडी तो कापूसच चोखायला लागली होती. हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

"हो," ती म्हणाली. आणि मग सगळं सांगितलं, कापसासकट.

भुंगी गच्चीच्या कठड्याला टेकून ऐकत होती. रडली नाही. बोटाने हातावरची एक शीर मनगटापासून कोपरापर्यंत चाचपत राहिली.

"आजीला माहितीये?"

"नाही. आजी घरी तुझ्याजवळ होती."

"ती विचारेल कधीतरी."

"हं."

"तू नको सांगूस," भुंगी म्हणाली. "तुझा चेहरा लगेच कळतो. मी सांगेन. म्हणेन, मावशीने सांगितलं, झोपेचं औषध दिलं होतं. काही कळत नव्हतं तिला."

थोरलीने तिच्याकडे पाहिलं. एवढ्याशा पोरीने हे किती पटकन ठरवलं होतं. जिन्यातून आजीची हाक आली, दोघी वर करताय काय एवढा वेळ म्हणून. "आले गं," भुंगी म्हणाली, रिकामी बादली उचलली आणि पुढे होऊन जिना उतरू लागली.